अम्माला गाडी का लागायची?

आमच्या अम्माला गाडी लागायची. मालवणहून तिच्या माहेरी, म्हणजे देवगडच्या बाजूला जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून तिची तयारी सुरू. लिंबू, आवळासुपारी, प्लॅस्टिकची पिशवी. कोळंबचा पूल ओलांडला की ती गप्प व्हायची, आचरा येईपर्यंत गाडी एकदा तरी थांबवावी लागायची. अब्बा हसायचे. म्हणायचे, ‘टॅक्सीवाल्याच्या बायकोलाच गाडी लागते, हे गिऱ्हाइकांना सांगू नका हं!’ आम्ही मुलंही हसायचो. पुढेपुढे तिनं माहेरी जाणंच कमी केलं.

एक गोष्ट मात्र होती. कधीमधी ती एसटीनं गेली, तर तिला काही होत नसे. आम्ही म्हणायचो, एसटीत खिडकीशी बसते, वारा लागतो, म्हणून. उत्तर तयार होतं, त्यामुळे प्रश्न कुणी विचारला नाही. तो प्रश्न मला विचारला गेला तीस वर्षांनी, आणि तोही एका बंद पडलेल्या गाडीकडून. तीच हकिगत आज सांगणार आहे.

गाडी अब्बांची. अँबॅसेडर, डिझेल, १९९२ सालची, एमएच ०७ची. म्हणजे आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची. हा जिल्हाच मुळी १९८१चा, रत्नागिरीतून वेगळा झालेला. त्या वेळी कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण सुरू झाली १९९८ साली. रात्रीबेरात्री कुणाचं पोट दुखलं, कुणी बाळंतपणात अडली, तर दोनच रस्ते: एक देवाचा आणि दुसरा गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलचा. दुसऱ्या रस्त्याला अब्बांची गाडी लागायची. आमच्या वाडीत आज पंचविशी-तिशीत असलेली काही मंडळी त्या गाडीतून आईच्या पोटात बसून गेलेली आहेत. त्यामुळे ती गाडी नुसती आमची नव्हती.

२००७ साली अब्बांनी टॅक्सी परमिट सोडलं आणि गाडी खासगी करून घेतली. २०१३ साली ते गेले. गाडी मांगरात उभी राहिली. वर झावळ्या, खाली कोंबड्या. भंगारवाला दर वर्षी चतुर्थीच्या सुमारास येऊन भाव करून जायचा आणि अम्मा दर वर्षी त्याला चहा पाजून परत पाठवायची.

२०२२च्या पावसाळ्यानंतर मी ठरवलं, गाडी चालू करायची. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पाना आणि पक्कड यांतला फरक कळतो, इतकंच माझं तांत्रिक शिक्षण. पण अम्मा ऐंशीला टेकली होती आणि एकदा म्हणाली, ‘माहेरचा उंबरठा एकदा बघायला हवा होता.’ तेवढं कारण पुरे होतं.

पहिल्या दिवशी चावी फिरवली. कट्. परत फिरवली. कट् कट्. जाणकार म्हणाले, बॅटरी गेली. नवी बॅटरी आणली. आता सेल्फ फिरायला लागला, पण कसा? दमेकरी जिना चढतो तसा. मागच्या पाइपातून पांढरा धूर निघाला, डोळे झोंबले, इंजिन काही लागलं नाही. दुसरे जाणकार म्हणाले, नोझल गेले. नोझल काढून तपासून आणले. तिसरे म्हणाले, पंपच खोलायला हवा. चौथे म्हणाले, इंजिनच उतरवू या. मी पैसे मोजत होतो आणि प्रत्येक सल्ल्यागणिक गाडी आहे तिथंच होती.

शेवटी बाजारपेठेतले अण्णा आले. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग केलेले. अब्बांचे जुने दोस्त. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. खुर्ची मागवली, बसले आणि म्हणाले, ‘आधी गाडयेचा ऐक, मगे पानो हातात घे.’

मग म्हणाले, हेडलाइट लाव. लावला. आता सेल्फ मार. मारला. हेडलाइट पार मंदावला नाही; थोडा उतरला, इतकंच. ‘म्हणजे बॅटरी ठीक आहे,’ अण्णा म्हणाले. ‘बॅटरी मेली असती तर दिवा विझायला आला असता. करंट आहे, पण सेल्फपर्यंत पोचत नाही. वाटेत कुणीतरी खातंय.’

मग त्यांनी पिशवीतून मीटर काढला. मीटर हा शब्द मला नवा नाही, पण हा मीटर वृत्तातला नव्हता. बॅटरीच्या टोकांवर धरला: १२.६ व्होल्ट. भरलेली बॅटरी इतकंच दाखवते. मग त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी थेट इंजिनच्या लोखंडाला लावली. मला म्हणाले, सेल्फ मार. हे दोन्ही एकाच गोष्टीला जोडलेले असायला हवेत, म्हणजे मीटरवर जवळजवळ शून्य दिसायला हवं. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. मीटरनं दाखवले साडेतीन व्होल्ट.

हे काय प्रकरण आहे, ते थोडक्यात सांगतो, कारण जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाला ते उपयोगी आहे. मोटारीत प्रत्येक दिव्याला जाणारी एकच तार असते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. यालाच मेकॅनिक मंडळी अर्थिंग म्हणतात. पण इंजिन हादरे बसू नयेत म्हणून रबराच्या गाद्यांवर बसवलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी असते. ती दिसतही नाही. आमच्या गाडीची पट्टी वरून बरी होती, पण बोल्टच्या खाली हिरवीगार झाली होती. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि तांबं, लोखंड यांच्या सांध्यात शिरून बसतं. त्या सांध्याचा विरोध किती असेल? ओहमचा पन्नासावा हिस्सा. दिव्याला तो जाणवतही नाही. पण सेल्फ दीडशे-पावणेदोनशे अँपिअर ओढतो. पावणेदोनशेला पन्नासानं भागा, साडेतीन व्होल्ट तिथंच संपले. आणि वीज हट्टी असते, एक वाट अडली की दुसरी शोधते. अण्णांनी मला स्पीडोमीटरच्या केबलला हात लावायला सांगितला. ती कोमट झाली होती! सेल्फचा करंट बिचारा त्या केबलच्या वेष्टनातून परत जायची धडपड करत होता.

पट्टी काढली. पत्र्यावरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं घासून खालचं लोखंड चकचकीत केलं. नवी पट्टी बसवली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. खर्च एका सिनेमाच्या तिकिटाइतका. चावी फिरवली आणि सेल्फ असा फिरला की मांगरातल्या कोंबड्या उडाल्या.

आणि पांढरा धूर? तोही गेला. मला वाटत होतं, वीज हा एक आजार आणि धूर हा दुसरा. अण्णांनी समजावलं. डिझेलच्या इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. हवा वीसपटीहून जास्त दाबली की तीच पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पडला की पेटतो. पण सेल्फ सावकाश फिरला, तर दाबलेल्या हवेची ऊब थंड लोखंड पिऊन टाकतं, थोडी हवाही निसटते. वर सकाळी मदतीला असणारे हीटर प्लग, त्यांनाही पुरेशी वीज मिळत नव्हती. मग डिझेल पेटत नाही, नुसतं धुकं होऊन मागून बाहेर पडतं. तोच पांढरा, झोंबणारा धूर. नोझलचा दोष नव्हता, पंपाचा नव्हता. धुराचं मूळ अर्थिंगच्या पट्टीत होतं. मी मात्र धुराच्या मागे लागून इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला पैसे ओतत होतो.

धुराचे रंग अण्णांनी मला मुळाक्षरांसारखे शिकवले. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय. पण वास गोडसर असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेडच्या गॅसकेटमधून पाणी शिरतंय. निळा म्हणजे इंजिन ऑइल पितंय. आणि काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी.

इंजिन सुरू झालं तसा हा तिसरा रंग दिसला. रस्त्यावर काढली तर चढाला गाडी दम टाकायची आणि मागे काळं ढग. एअर फिल्टर बदलला, थोडा फरक पडला. अण्णा म्हणाले, आत जाणारी हवा बघितलीस, बाहेर जाणारी कोण बघणार? श्वास आत घ्यायचा तर आधी सोडता आला पाहिजे. त्यांनी सायलेन्सरच्या अलीकडचा पाइपाचा सांधा सोडवला आणि गाडी चालू करायला लावली. आवाज एखाद्या ट्रॉलरसारखा, पण इंजिन एकदम मोकळं! धूर निम्म्यावर आला. सायलेन्सर कापून बघितला. आतल्या जाळीच्या पत्र्यांचा गंजून चुरा झाला होता आणि त्याचा गठ्ठा वाटेत अडकला होता. शेवटच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. दहा वर्षं भाडं न देता राहिली.

सायलेन्सर आतून का गंजतो, हे मला कधी कळलं नव्हतं. एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. खरं सांगतो. ते वाफ होऊन जातं, पण गाडी बाजारापर्यंत जाऊन परत आणून बंद केली, तर सायलेन्सर तापतच नाही आणि ती वाफ आत पाणी होऊन साचते. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधकही पुष्कळ असे, त्याचं आम्ल होई. आता एप्रिल २०२०पासून देशभर जे डिझेल मिळतं त्यात गंधक दहा लाखात दहा भाग, इतकंच. पण आमचा सायलेन्सर त्याआधीच्या जमान्याचा. नवा मिळेना. अँबॅसेडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं. २०१७ साली तर तिचं नावच ८० कोटींना फ्रान्सच्या प्यूजो कंपनीला विकलं गेलं. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून पत्रा वळवून आणला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

गाडी छान चालत होती, पण आत बसलं की दहा मिनिटांत डोकं जड. खिडक्या बंद केल्या तर अधिकच. अण्णा म्हणाले, धूर आत येतोय, शोध. इंजिन थंड असताना एकानं चालू करायचं, दुसऱ्यानं मागच्या नळीवर क्षणभर ओलं फडकं दाबायचं आणि तिसऱ्यानं सांध्यांवर साबणाचं पाणी टाकायचं. जिथं बुडबुडे, तिथं गळती. आमच्याकडे बुडबुडे आले थेट इंजिनाशी, मॅनिफोल्डच्या सांध्यात. तिथलं गॅसकेट जळून गेलं होतं. बाजूच्या लोखंडावर काजळीचा जाड थर. अण्णा तो बघून म्हणाले, ‘हे काल-परवाचं नाही. वर्षानुवर्षांचं आहे.’

मग बॉनेटखालचा धूर आत कुठून येतो, ते बघायला मी डॅशबोर्डखाली आडवा झालो. इंजिन आणि माणसं यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत असते. तिच्यातून वायरी जायला भोकं असतात, त्यांना रबरी कड्या असतात. कड्या झिजून गेल्या होत्या. आणि प्रत्येक भोकात कापडाची चिंधी कोंबलेली होती. एक ओढून काढली. चौकड्याचं कापड. अब्बांच्या लुंगीचं. एका बाजूनं निळं-पांढरं, दुसऱ्या बाजूनं काळंकुट्ट.

म्हणजे अब्बांना माहीत होतं. धूर येतो, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी भोक बुजवलं, गळती तशीच राहिली.

तिथंच फ्यूजचा डबा होता. काचेच्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली, एका ठिकाणी चक्क तांब्याची जाड तार. मागच्या वायरींचं वेष्टन वितळून एकमेकांना चिकटलेलं. फ्यूज उडतो तेव्हा तो सांगत असतो की पुढे कुठेतरी काही बिघडलंय. त्याच्या जागी जाड तार घातली की तो गप्प होतो, बिघाड नाही. ती गाडी पेटली नाही हे आमचं नशीब. आणि त्या गाडीतून रात्री बाळंतिणी जात होत्या.

श्रोतेहो, मी त्या चिंध्या हातात घेऊन बराच वेळ बसलो. लहानपणापासून आम्ही अभिमानानं सांगत आलो होतो, अब्बा काय एकेक युक्त्या करायचे, चांदीच्या कागदावर गाडी बांबोळीला न्यायचे! त्या युक्त्या हुशारीच्या होत्या, यात शंका नाही. पण त्या हुशारीमागे बँकेचा हप्ता होता. गॅसकेट बदलायचं म्हणजे दोन दिवस गाडी बंद आणि दोन दिवस गाडी बंद म्हणजे दोन दिवस चूल मंद. मी त्यांना दोष देत नाही. पण ज्याला आम्ही कौतुक म्हणत होतो, ती त्यांची लाचारी होती, आणि त्यांनी ती आम्हाला दिसू दिली नाही, एवढं मला त्या दिवशी समजलं. शेवटच्या वर्षांत त्यांना खोकला होता. त्याचा या धुराशी संबंध होता की नाही, कोण सांगणार? डॉक्टरांनी तसं म्हटलं नव्हतं, मीही म्हणत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२च्या जूनमध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं, हे मी नंतर वाचलं. तेव्हा अब्बा हयात होते. गाडी घरात होती. बातमी आमच्यापर्यंत आली नव्हती.

मग मी कामाला लागलो. डॅशबोर्डखालचं सगळं वायरिंग नवं केलं, प्रत्येक वायरीला तिच्या मापाचा फ्यूज. मॅनिफोल्डचा पृष्ठभाग सपाट करून नवं गॅसकेट. भोकांना नव्या रबरी कड्या. डिकीचं रबरही बदललं, कारण चालत्या गाडीच्या मागे हवा विरळ होते आणि मागचा धूर तिथून आत ओढला जातो, हेही अण्णांनीच दाखवलं.

पीयूसीला नेली. इतक्या जुन्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एकक. सुरुवातीला आमची ८० दाखवायची, आता ४८ आली. फेरनोंदणी झाली, ग्रीन टॅक्स भरला. १५ वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं होतं. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांवरच्या गाड्यांना ते १०,००० झालं आहे. माझी मुलगी पुण्याला असते. ती म्हणाली, ‘पप्पा, ४८ म्हणजे पास, पण स्वच्छ नव्हे. ही गाडी रोज काढायची नाही.’ तिचं बरोबर आहे. आजच्या नव्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर असतो, आमच्या गाडीला तो नाही आणि मी कितीही पॉलिश पेपर घासला तरी तो येणार नाही. म्हणून महिन्यातून एकदा-दोनदा, तेही कारण असेल तरच, ती बाहेर निघते. जुन्यावर प्रेम करायचं तर त्याचे दोष मोजून करावं. न मोजता केलेलं प्रेम म्हणजे भोकात कोंबलेली चिंधी.

पहिलं कारण अर्थातच अम्माचं माहेर. त्या सकाळी तिनं सवयीनं लिंबू घेतलं, पिशवी घेतली. पाऊस होता, खिडक्या बंद. कोळंबचा पूल गेला. ती गप्प होती. मीही गप्प. आचरा आलं. मी नेहमीच्या जागी गाडी हळू केली. ती म्हणाली, ‘कित्याक थांबवतंस? चल मा.’

देवगडच्या अलीकडे तिनं लिंबू पदरातून काढून डॅशबोर्डवर ठेवलं आणि म्हणाली, ‘माका आज गाडी लागली नाय रे.’

मी तिला गॅसकेटचं सांगितलं. धूर होता अम्मा, तुला गाडी कधी लागतच नव्हती. ती बाहेर बघत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘तुझ्या अब्बाक मी चार येळा सांगलंय, वास येता म्हणान. ते म्हणत, तुका सगळ्याचोच वास येता.’ आणि हसली. पण ते हसणं पुरतं हसणं नव्हतं. माहेरच्या न झालेल्या किती फेऱ्या त्यात होत्या, ते तिलाच ठाऊक.

एखादं माणूस ‘मला त्रास होतो’ म्हणतं, तेव्हा आपल्याकडे उत्तर तयार असतं. स्वभाव आहे, वय आहे, गाडी लागते. अण्णांसारखं खुर्ची मागवून बसायला, ‘आधी ऐकू या’ म्हणायला आपल्याला वेळ नसतो. मी शब्दांचा धंदा करणारा माणूस, ऐकणं हे माझं काम. आणि माझ्या घरातलं, माझ्या आईचं एक वाक्य मला तीस वर्षांनी साबणाच्या बुडबुड्यातून ऐकू आलं.

अब्बांच्या त्या चिंध्यांपैकी एक मी ठेवली आहे. धुतलेली नाही. ते लिंबूही परवापर्यंत डॅशबोर्डवर होतं. वाळून दगड झालं होतं. अम्मा म्हणाली, टाक आता ते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)